परकीय उद्योग आणि स्थानिक अभिजन : राजापूरची वखार ते अंजनवेलचा वीजप्रकल्प

प्रास्ताविक

परक्या देशात उद्योग, व्यापार अथवा नोकरीसाठी गेलेल्या माणसाला तेथील वजनदार मंडळींशी संबंध ठेवावे लागतात, हा व्यवस्थापनशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांतील एक ठरलेला उपदेश आहे. ज्या देशांत कायदे बदलत असतात, परवाने अनेक खिडक्यांतून मिळवावे लागतात आणि न्यायालयीन निर्णयास वर्षे लागतात, तेथे हे संबंध अधिकच मोलाचे मानले जातात. १९८१ मध्ये आंतरराष्ट्रीय वित्त महामंडळातील अँटवान व्हान ॲग्टमेल यांनी 'उदयोन्मुख बाजारपेठा' ही संज्ञा रूढ केली. तेव्हापासून अशा देशांत जाणाऱ्या परकीय अधिकाऱ्यांना 'योग्य माणसांची ओळख करून घ्या' असा सल्ला सर्रास दिला जातो. परंतु योग्य माणसे म्हणजे कोण, ती योग्य आहेत हे कोणी ठरवायचे आणि ती माणसे सत्तेवरून दूर झाल्यावर त्या ओळखीचे काय होते, हे प्रश्न मात्र सहसा अनुत्तरित राहतात.

या प्रश्नांची उत्तरे शोधण्यासाठी दूरच्या देशांची उदाहरणे घेण्याचे कारण नाही. रत्नागिरी जिल्ह्याच्याच भूमीवर दोन परकीय कंपन्यांनी, सुमारे साडेतीन शतकांच्या अंतराने, स्थानिक सत्ताधाऱ्यांशी संधान बांधून व्यवसाय उभारला आणि दोघींनाही त्याची जबर किंमत मोजावी लागली. पहिली राजापूरला वखार घालणारी इंग्रजांची ईस्ट इंडिया कंपनी. दुसरी गुहागर तालुक्यात वीजप्रकल्प उभारणारी एन्‍रॉन. प्रस्तुत लेखात या दोन उदाहरणांच्या आधारे परकीय उद्योग व स्थानिक अभिजन यांच्यातील संबंधांचे स्वरूप स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

संकल्पनांचे स्पष्टीकरण

'अभिजन' या शब्दाने समाजशास्त्रात केवळ श्रीमंत वा उच्चकुलीन वर्ग अभिप्रेत नसतो. समाजाचे महत्त्वाचे निर्णय घेण्याची अथवा ते अडवून धरण्याची क्षमता ज्यांच्यापाशी असते, ते अभिजन होत. सी. राइट मिल्स यांनी १९५६ मध्ये अमेरिकेतील राजकीय, औद्योगिक व लष्करी धुरीणांच्या परस्परसंबंधांची चिकित्सा करून सत्ता ही व्यक्तींपेक्षा जाळ्यात वसते, हे दाखविले. त्यापूर्वी इटालियन विचारवंत विल्फ्रेडो परेटो यांनी 'अभिजनांचे अभिसरण' ही कल्पना मांडली होती. एक अभिजन गट कायम सत्तेवर राहत नाही. त्याची जागा दुसरा घेतो. परकीय उद्योगाच्या दृष्टीने ही गोष्ट निर्णायक ठरते, कारण उद्योगाचे आयुष्य वीस-तीस वर्षांचे असते आणि सरकारचे फार तर पाच वर्षांचे.

तिसरी उपयुक्त संकल्पना रेमंड व्हर्नन यांची. १९७१ मध्ये त्यांनी बहुराष्ट्रीय कंपन्यांविषयीच्या विवेचनात असे मांडले की, परकीय गुंतवणूकदार आणि यजमान सरकार यांच्यातील सौदा काळाबरोबर झिजत जातो. भांडवल आणण्यापूर्वी कंपनीचे पारडे जड असते, कारण ती अन्यत्र जाऊ शकते. एकदा का जमिनीत खांब रोवले, यंत्रे बसली की ती हलू शकत नाही आणि पारडे यजमानाकडे झुकते. म्हणूनच प्रारंभी मिळालेल्या अतिअनुकूल अटी हे कंपनीचे यश नसून भावी संकटाचे बीज असू शकते.

राजापूरची वखार : एका बाजूचे सख्य

सतराव्या शतकात राजापूर हे आदिलशाहीच्या अंमलाखालील भरभराटीचे बंदर होते. इंग्रजांनी १६४९ च्या सुमारास तेथे वखार घातली. वखारीतील इंग्रजांना स्थानिक भाषा, मालाचे भाव, जकातीचे दर यांची माहिती नव्हती. त्यासाठी त्यांना दलालांवर आणि आदिलशाही अंमलदारांवर अवलंबून राहावे लागे. अंमलदारांना उसनी रक्कम देणे, नजराणे पाठविणे, त्यांच्या जहाजांच्या व्यवहारात भाग घेणे हा व्यापाराचाच भाग होता.

१६५९ मध्ये अफझलखानाच्या वधानंतर कोकणातील सत्तेचा तोल बदलू लागला. १६६० च्या प्रारंभी शिवाजी महाराजांचे सैन्य राजापुरावर आले, तेव्हा कंपनीचा दलाल आणि एक इंग्रज अटकेत सापडले व पुढे सुटले. या प्रसंगातून तटस्थ राहण्याचा धडा घेता आला असता. परंतु त्याच वर्षी सिद्दी जौहरने पन्हाळ्यास वेढा घातला, तेव्हा राजापूर वखारीचा प्रमुख हेन्‍री रेव्हिंग्टन हा तोफगोळे घेऊन आदिलशाही फौजेच्या मदतीस गेला आणि इंग्रजांचे निशाण लावून गडावर मारा करण्यात आला. आपले हितसंबंध विजापूरकरांच्या सत्तेशी जोडलेले आहेत आणि ती सत्ताच टिकणार आहे, असा त्याचा हिशेब असावा.

तो हिशेब चुकला. १६६१ च्या आरंभी महाराजांनी राजापूर लुटले, वखार खणून काढली आणि रेव्हिंग्टनसह तेथील इंग्रजांना कैद केले. कैद्यांपैकी काहींची सुटका व्हायला १६६३ चे वर्ष उजाडावे लागले. विशेष म्हणजे, सुटकेसाठी कैद्यांनी सुरतेच्या वरिष्ठांकडे तक्रारी केल्या, तेव्हा वरिष्ठांनी त्यांनाच दोष दिला. कंपनीचा माल राखताना नव्हे, तर कंपनीचे निशाण घेऊन पन्हाळ्यावर गोळे टाकल्यामुळे तुम्ही ही शिक्षा भोगत आहात, असा त्या उत्तराचा आशय होता. स्थानिक पातळीवरील अधिकाऱ्याने जोडलेले सख्य अंगलट आले की मुख्य कार्यालय हात झटकते, हा अनुभव तेव्हापासूनचा आहे.

यानंतर इंग्रजांनी जे केले, ते अधिक बोधप्रद आहे. राजापूरच्या नुकसानभरपाईसाठी त्यांनी अनेक वर्षे वाटाघाटी केल्या. १६७२ मध्ये स्टीफन उस्टिक, १६७३ मध्ये टॉमस निकोल्स असे वकील पाठविले. १६७४ मध्ये राज्याभिषेकाच्या वेळी हेन्‍री ऑक्झिंडेन रायगडावर आला. त्याच्या आधी नारायण शेणवी या दुभाष्याने गडावर जाऊन निराजी पंडितांमार्फत बोलणी पुढे नेली होती. महाराजांबरोबरच त्यांच्या अधिकाऱ्यांनाही रीतीप्रमाणे नजराणे देण्यात आले. तहातील बहुतेक कलमे मान्य झाली. राज्यात कंपनीची नाणी चालावीत, या कलमावर मात्र महाराजांची भूमिका स्पष्ट होती. नाणे कसाला व वजनाला उतरले तर त्याला मनाई नाही, परंतु तोटा सोसून ते घ्या अशी सक्ती प्रजेवर करता येणार नाही. राजापूरची वखार पुढे पुन्हा उघडली, पण तिला पूर्वीची बरकत आली नाही. एका बाजूशी घाईने जोडलेले सख्य आणि सर्वांना माहीत असलेल्या मार्गाने, कलमवार केलेला तह, यांतील फरक या एकाच वखारीच्या इतिहासात दिसतो.

अंजनवेलचा वीजप्रकल्प : वरच्या मजल्यावरची मैत्री

१९९१ च्या आर्थिक धोरणानंतर केंद्र सरकारने वीजनिर्मितीचे क्षेत्र खासगी व परकीय भांडवलास खुले केले. ६८.५ टक्के क्षमतावापरास भागभांडवलावर १६ टक्के परतावा, असे आमिष या धोरणात होते. १९९२ च्या उन्हाळ्यात भारतीय अधिकाऱ्यांचे पथक गुंतवणूकदारांच्या शोधात अमेरिकेस गेले. त्यानंतर जूनमध्ये एन्‍रॉनचे प्रतिनिधी भारतात आले आणि २० जून १९९२ रोजी महाराष्ट्र राज्य वीज मंडळाशी त्यांचा सामंजस्य करार झालाही. येणे आणि सही करणे यांत जेमतेम आठवडा गेला. या घाईत निविदा मागविण्यास वाव नव्हता.

प्रकल्पास 'दाभोळ' हे नाव मिळाले असले, तरी त्याची जागा दाभोळास नव्हती. दाभोळ हे वाशिष्ठी खाडीच्या उत्तर तीरावर, दापोली तालुक्यात. प्रकल्प दक्षिण तीरावर, गुहागर तालुक्यातील अंजनवेल, वेलदूर, रानवी परिसरात. कागदावरचे नाव एका तीराचे आणि विस्थापन दुसऱ्या तीराचे, ही विसंगती पुढील घटनांचे प्रतीक वाटावी अशी आहे.

दाभोळ पॉवर कंपनीत प्रारंभी एन्‍रॉनचा वाटा ८० टक्के, तर जनरल इलेक्ट्रिक व बेक्टेल यांचा प्रत्येकी १० टक्के होता. १९९३ मध्ये जागतिक बँकेने हा प्रकल्प आर्थिकदृष्ट्या व्यवहार्य नसल्याचे सांगून अर्थसाहाय्य नाकारले. तरीही ८ डिसेंबर १९९३ रोजी वीजखरेदी करार झाला. वीज उचलली अथवा न उचलली तरी मंडळाने क्षमता आकार द्यायचा, तोही डॉलरशी निगडित, असे त्याचे स्वरूप होते. १९९४ मध्ये राज्य सरकारची हमी आणि केंद्र सरकारची प्रतिहमी मिळाली. करार गोपनीय ठेवण्यात आला होता.

जानेवारी १९९५ मध्ये कंपनीच्या एका उपाध्यक्षांनी अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे सांगितले की, प्रकल्पपूर्व प्रक्रियेवर व संबंधितांच्या 'शिक्षणा'वर कंपनीने दोन कोटी डॉलर खर्च केले. या एका शब्दावर महाराष्ट्रात मोठे वादळ उठले. लाच दिल्याचा आरोप न्यायालयात सिद्ध झाला नाही, हे नमूद करणे आवश्यक आहे. तथापि, ज्या संबंधांचा हिशेब उघडपणे मांडलेला नसतो, ते निष्कलंक असले तरी संशयास पात्र होतात, हा मुद्दा यातून पुढे येतो.

मार्च १९९५ मध्ये राज्यात सत्तांतर झाले. शिवसेना-भाजप युतीने प्रकल्पास निवडणुकीचा मुद्दा केले होते. उपमुख्यमंत्री गोपीनाथ मुंडे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने करारातील त्रुटींवर बोट ठेवले आणि ३ ऑगस्ट १९९५ रोजी मुख्यमंत्री मनोहर जोशी यांनी प्रकल्प रद्द झाल्याची घोषणा केली. कंपनीने लंडनमध्ये लवादाचा मार्ग धरला, पण त्याच वेळी नव्या सत्ताधाऱ्यांशी संपर्कही सुरू केला. नोव्हेंबर १९९५ मध्ये कंपनीच्या अधिकारी रिबेका मार्क यांनी बाळासाहेब ठाकरे यांची भेट घेतली. त्याच महिन्यात फेरवाटाघाटी उरकल्या आणि जानेवारी १९९६ मध्ये प्रकल्पास पुन्हा मान्यता मिळाली. क्षमता वाढवून २,१८४ मेगावॉट करण्यात आली. मे १९९६ मध्ये तेरा दिवसांच्या केंद्र सरकारने जाता जाता प्रतिहमीस संमती दिली.

येथवरची कथा ही अभिजनसंपर्काची यशोगाथा म्हणून सांगता येईल, आणि त्या काळी ती तशी सांगितलीही गेली. दिल्लीत व मुंबईत एक पक्ष गेला, दुसरा आला. कंपनीने दोघांशीही जमवून घेतले. पण या जमवून घेण्यात कराराची मूळ अडचण सुटली नाही. पहिला टप्पा मे १९९९ मध्ये सुरू झाला. रुपयाची घसरण व नाफ्थाचे दर यांमुळे वीज महाग पडू लागली. जानेवारी २००१ च्या सुमारास देयकांवरून वाद पेटला, मे २००१ मध्ये मंडळाने करार रद्द केला आणि प्रकल्प बंद पडला. दुसऱ्या टप्प्याचे बांधकाम तेव्हा बरेचसे पूर्ण झाले होते. २ डिसेंबर २००१ रोजी एन्‍रॉनने अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज केला. जुलै २००५ मध्ये राष्ट्रीय औष्णिक वीज महामंडळ व गेल यांच्या पुढाकाराने रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही कंपनी स्थापन होऊन मालमत्ता सार्वजनिक क्षेत्राकडे आली. खासगी कंपनीने जोडलेल्या मैत्रीची किंमत अखेर सार्वजनिक तिजोरीने मोजली.

गावातील अभिजन कोण?

मुंबई-दिल्लीच्या या घडामोडींत गुहागर तालुक्यातील गावे कोठे होती? जमीन शासनाने संपादित करून कंपनीला दिली. त्यामुळे जमीनधारकांसमोर बसून बोलण्याची गरज कंपनीस फारशी भासली नाही. शेतकरी, बागायतदार आणि वेलदूरचे मच्छीमार यांना खाडीतील गरम पाण्याची, मासेमारीवरील निर्बंधांची, पिण्याच्या पाण्याची चिंता होती. आंदोलने झाली, त्यांत मेधा पाटकर, निवृत्त न्यायमूर्ती बी. जी. कोळसे-पाटील आदींचाही सहभाग होता. जून १९९७ मध्ये वेलदूर येथे पोलिसांनी पहाटे घरांत शिरून केलेल्या कारवाईची नोंद मानवी हक्क संघटनांनी घेतली. ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेच्या जानेवारी १९९९ च्या अहवालात, प्रकल्पस्थळी नेमलेल्या पोलिसांचा खर्च कंपनी देत असल्याकडे लक्ष वेधले आहे. ज्या पोलिसांनी दोन्ही बाजूंत निःपक्षपाती राहावे, त्यांचा खर्च एका बाजूने करावा, यातून गावाने काय अर्थ काढला असेल हे सांगावयास नको.

कोकणातील गावाची सत्तारचना बाहेरच्या माणसास चटकन दिसत नाही. ग्रामपंचायत ही तिची कायदेशीर बाजू. पण बरेच निर्णय गावकीत, देवळाच्या सभामंडपात, मोहल्ल्याच्या जमातीत आणि मच्छीमार सोसायटीत होतात. शिमग्याची पालखी कोणाच्या अंगणात प्रथम जाते, यात मानपानाचा जो क्रम असतो, तो गावातील अधिकाराचा नकाशाच होय. खोती १९४९ च्या कायद्याने रद्द झाली, तरी खोतांच्या घराण्यांचे वजन सर्वत्र एकदम ओसरले नाही. याखेरीज एक अदृश्य सभागृह असते, ते मुंबईत. गावोगावची मुंबईकर मंडळे वर्गणी, देवळाचा जीर्णोद्धार, शाळेची इमारत यांबरोबरच जमिनीच्या प्रश्नावरही मत देतात, कारण सातबाऱ्यावरील अनेक नावे गावात नसून परळ, डोंबिवली वा नालासोपाऱ्यात असतात. गणपतीला आणि शिमग्याला ही मंडळी येतात, तेव्हा गावाचा खरा कौल लागतो. ज्याने केवळ मंत्रालयाचे मजले मोजले, त्याला हा कौल ऐकू येणे कठीण.

येथे आणखी एक भेद लक्षात घ्यावा लागतो. प्रकल्प आला की गावात नवे अभिजन तयार होतात : वाळू-खडी पुरविणारे, वाहने भाड्याने देणारे, मजूर पुरविणारे कंत्राटदार. कंपनीला तेच 'स्थानिक पाठिंबा' वाटतात. परंतु त्यांचे वजन कंपनीकडून आलेले असते, गावाकडून नव्हे. कंपनी गेली की तेही जाते.

अभिजन केवळ सत्ताधारी नसतात, हेही येथे दिसून आले. पुण्याच्या प्रयास संस्थेच्या ऊर्जा गटाने करारातील खर्चाचे विश्लेषण जनतेसमोर मांडले. त्यांच्यापाशी मंत्रिपद नव्हते, केवळ आकडेमोड होती. पण तिचे खंडन करणे सोपे नव्हते. अशा ज्ञानाधिष्ठित गटांना प्रारंभीच विश्वासात घेतले असते, तर कराराचे रूप कदाचित निराळे झाले असते.

आरशाची दुसरी बाजू

हा विषय महाविद्यालयीन अध्यापकांच्या दृष्टीने केवळ इतिहासाचा नाही. खेड, चिपळूण, दापोली, मंडणगड, रत्नागिरी या तालुक्यांतील असंख्य कुटुंबांतील माणसे आखाती देशांत नोकरी-व्यवसाय करतात. तेथे परके आपण असतो आणि स्थानिक अभिजन तेथील नागरिक. 'कफील' हा शब्द कोकणातील मोहल्ल्यांत कोणास समजावून सांगावा लागत नाही. संयुक्त अरब अमिरातीत मुख्य भूमीवरील कंपनीत ५१ टक्के वाटा स्थानिक नागरिकाचा असण्याची सर्वसाधारण अट २०२१ पर्यंत होती. त्यामुळे अनेक व्यवसाय एका स्थानिक भागीदाराच्या सदिच्छेवर उभे असत. कतारने २०२० मध्ये नोकरी बदलण्यासाठी मालकाच्या संमतिपत्राची अट काढली. या बदलांचा मथितार्थ एकच : ज्या हक्कासाठी पूर्वी ओळख लागत होती, तो आता कायद्याने मिळू लागला. ओळखीची गरज जेथे कमी होते, तेथे दुर्बळ माणसाचे बळ वाढते.

तद्वतच परदेशी जाणाऱ्या विद्यार्थ्यास कायद्याची सीमारेषाही शिकविणे अगत्याचे आहे. अमेरिकेच्या १९७७ च्या आणि ब्रिटनच्या २०१० च्या कायद्यांनुसार परकीय अधिकाऱ्यास लाच देणे हा गुन्हा आहे. भारतातही भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ मध्ये झालेल्या दुरुस्तीने व्यापारी संस्थांना लाचेबद्दल जबाबदार धरले आहे. 'येथे असेच चालते' हा बचाव उरलेला नाही.

निष्कर्ष

१. स्थानिक अभिजनांशी संबंध ठेवणे हे अनिवार्य आहे. परंतु अभिजन म्हणजे केवळ आजचे सत्ताधारी, असे मानणे ही रेव्हिंग्टनची चूक होय.

२. सत्तांतरानंतर नव्या सत्ताधाऱ्यांशी जमवून घेणे शक्य असते, हे १९९५-९६ ने दाखविले. मात्र अन्याय्य करारास अशी जुळवाजुळव फार काळ तारू शकत नाही, हे २००१ ने सिद्ध केले.

३. जो संबंध उघडपणे सांगता येतो, तोच टिकतो. रायगडावरील नजराणे रीतीप्रमाणे व तह कलमवार होता. दाभोळचा करार गोपनीय होता.

४. ज्यांची जमीन, पाणी व उपजीविका पणास लागते, त्यांच्या स्वतःच्या संस्थांशी बोलणे हे मध्यस्थ कंत्राटदारांशी बोलण्याहून भिन्न आहे.

या निष्कर्षांचे महत्त्व आजही कमी झालेले नाही. राजापूर तालुक्यातील जैतापूर अणुऊर्जा प्रकल्पासाठी फ्रेंच कंपनीशी डिसेंबर २०१० मध्ये करार झाला आणि एप्रिल २०११ मध्ये साखरीनाटे येथील आंदोलनात गोळीबारात एका मच्छीमाराचा बळी गेला. नाणार तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी २०१८ मध्ये सौदी अरेबिया व अबू धाबी येथील तेलकंपन्यांशी करार झाले. २०१९ मध्ये तेथील भूसंपादनाची अधिसूचना रद्द करावी लागली. एप्रिल २०२३ मध्ये बारसू येथे माती परीक्षणाच्या वेळी ग्रामस्थ पुन्हा सड्यावर उतरले. प्रत्येक वेळी सह्या राजधानीत झाल्या आणि प्रश्न गावात उभा राहिला. प्रकल्प चांगला की वाईट, हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. परंतु ज्या दारावर प्रथम थाप द्यावयाची, ते दार शेवटी ठोठावण्याची पद्धत जोवर बदलत नाही, तोवर राजापूरच्या वखारीचा धडा अपुराच शिकला गेला, असे म्हणावे लागेल.